चुकांच्या नोंदीतून दोषाचा शोध

समजा, राजापुरातील एका रुग्णालयात तीस वाहिन्यांची डिजिटल दूरध्वनी लाइन आहे आणि ऐन आषाढात वाड्यावस्त्यांवरून येणारे फोन मधेच तुटू लागले आहेत. 'कार्ड बिघडले, बदला,' हा पहिला सल्ला मिळतो. पण दोष दुसरीकडे असेल, तर नव्या महागड्या कार्डानेही फोन तुटतच राहतील. मग दोष कोठे आहे हे कसे ओळखावे?

आधी लाइन कशी चालते ते पाहू. आवाजाच्या विद्युत्-लहरीची उंची सेकंदाला 8000 वेळा मोजतात व प्रत्येक माप 8 बिटांत लिहितात. 30 संभाषणांचे 30 कप्पे, एक कप्पा जुळणीच्या खुणेसाठी आणि एक सूचनांसाठी, अशा 32 कप्प्यांची एक चौकट होते. 32 × 8 × 8000 म्हणजे सेकंदाला 20,48,000 बिट! कार्ड हे बिट वाचते आणि कार्ड चालवणारा संगणकातील 'ड्रायव्हर' हा प्रोग्रॅम तीन प्रकारच्या चुका मोजत राहतो.

पहिली, संकेतचूक. लाइनवरील स्पंद आळीपाळीने धन व ऋण असतात. ठरलेले अपवाद सोडून लागोपाठ दोन सारखे स्पंद आले, की चूक. वाटेतील प्रत्येक उपकरण हा संकेत नव्याने तयार करते. म्हणून ही मोजणी कार्डाला जोडलेल्या शेवटच्या तुकड्याविषयीच बोलते.

दुसरी, ताळ्याची चूक. गुणाकाराचा ताळा आपण नऊने भागून पाहतो. तसेच येथेही पाठवणारा एका भागाकाराची बाकी सोबत पाठवतो. असे 1000 ताळे दर सेकंदाला तपासले जातात. ही बाकी मधल्या उपकरणांतून तशीच पुढे येते. त्यामुळे ताळा चुकतो, पण संकेतचुका शून्य आहेत, असे दिसले तर दोष बहुधा दूरच्या टप्प्यात असतो. दोन्ही चुका पावसाच्या सरींबरोबर वाढल्या, तर जवळच्या केबलच्या सांध्यात पाणी शिरले असावे.

तिसरी, घसरण. दोन टोकांची घड्याळे किंचित वेगळी चालली, तर अधूनमधून एक अख्खी चौकट गळते किंवा दोनदा वाचली जाते. फरक दहा लाखांत एक असेल, तर दर 125 सेकंदांनी एक घसरण होते. अशा नियमित चुकांचा पावसाशी संबंध नसतो. पुष्कळदा कार्ड लाइनच्या घड्याळाऐवजी स्वतःच्या घड्याळावर लावलेले असते. ती मांडणी बदलली की काम भागते.

मात्र एकूण आकड्यावर विसंबू नये. त्यात मागे कधी केबल काढली तेव्हाच्या चुकाही असतात. दर पाच मिनिटांनी आकडा लिहून फरक काढावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शेवटी कार्डाचा बाहेर जाणारा संदेश त्याच्याच आत येणाऱ्या टोकाला जोडावा. चुका तरीही वाढत राहिल्या, तर संशय कार्डावर. थांबल्या, तर बाहेरच्या लाइनवर.

आता बहुतेक ठिकाणी प्रकाशीय तंतू व इंटरनेटवरील दूरध्वनी आले आहेत. तेथे हरवलेली माहिती-पाकिटे अशीच मोजतात. वर्गात याचा एक छोटा प्रयोग करता येईल. दोन घड्याळे एकदा जुळवून ठेवा, रोज त्यांच्यातील फरक लिहा आणि आलेख काढा. फरक दररोज सारखाच वाढतो की मधेच उडी घेतो? घसरण आणि भिजलेली केबल यांतला भेद विद्यार्थ्यांना त्या आलेखातच दिसेल.