धरावे कसे, सोडावे कसे?

आज घरच्या चुन्याच्या डबीतले थोडे विज्ञान पाहू.

चिमूटभर चुना पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरची निवळी दुसऱ्या पेल्यात ओता. पपईच्या देठाची नळी धुऊन घ्या आणि तिने निवळीत हळूहळू फुंका. मुलांना निवळी ओढू देऊ नका, डोळ्यांतही जाऊ देऊ नका. थोड्या वेळात निवळी दुधाळ होईल. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने धरला, त्याचीच ही बारीक पांढरी भुकटी. भिंतीला दिलेला चुना हवेत कडक होतो, तो याच कारणाने.

हा वायू धरायची गरज का पडली? कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. कोळसा आणि तेल जाळून जाळून आज तो ४२० च्या वर गेला आहे. त्याने पृथ्वी तापते, समुद्र चढतो. पनवेल-उरणच्या खारजमिनीत भात लावणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बांध फुटून खाडीचे पाणी शिरले की शेताचे काय होते, ते तो जाणतो.

मग प्रत्येक धुराड्याला चुनाच का लावू नये? अडचण सोडण्याची आहे. धरलेला वायू बाहेर काढून जमिनीखाली साठवायचा आणि तोच चुना पुन्हा वापरायचा, तर त्याला सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यासाठी पुन्हा इंधन आले. धरले तर चावते, सोडले तर पळते!

नैसर्गिक वायूतही कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. तो काढायला बहुधा अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणाने वायू धुतात. पण दर खेपेला द्रावणातले पाणीही तापवावे लागते. तेल आणि वायूच्या उत्पादनाचे तंत्र अभ्यासणारी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची संस्था पनवेललाच आहे. त्या धंद्यात हा खर्च सर्वांनाच ठाऊक आहे.

म्हणून शास्त्रज्ञ आता घन पदार्थ शोधत आहेत. नारळाच्या करवंटीच्या कोळशाला बारीक छिद्रे पाडली, की त्यात वायू अडकतो. औष्णिक केंद्राच्या राखेपासून झिओलाइट करता येते. नागपूरच्या नीरी संस्थेत त्यावर काम झाले आहे. धातू आणि सेंद्रिय रेणूंची जाळी विणूनही असे पदार्थ होतात. त्या शोधाला २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुण्याच्या आयसर संस्थेतही अशा जाळ्यांवर संशोधन चालते. खाडीपलीकडे पवईच्या आयआयटीत २०२२ साली कार्बन पकडण्याचे राष्ट्रीय केंद्र मंजूर झाले. अमाइन लावलेले काही घन पदार्थ तर शंभर अंशांच्या आसपासच वायू सोडतात.

पण धुरात ओल असते. झिओलाइट आधी पाणी पिते, मग वायूला जागा उरत नाही. काही पदार्थ थोड्याच खेपांत थकतात.

तेव्हा उद्या कोणी म्हणाले, "धूर गिळणारी भुकटी सापडली", तर बैल घेताना दात पाहता तसे तीन प्रश्न विचारा. ओल सोसते का? हजारो खेपा टिकते का? आणि धरलेले सोडायला इंधन किती लागते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले, तरच ती भुकटी आपल्या बांधाच्या कामाची.