खिंडीपलीकडचा देश

भूतानची दक्षिण सीमा भारताला लागून आहे. तरीही सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू त्या देशात गेले ते तिबेटच्या भूमीतून. त्यांच्यासमवेत त्यांची कन्या इंदिरा गांधी होत्या. पित्याचे वय अडुसष्ट होते, कन्या चाळिशीची होती.

या आडवाटेचे कारण भूतानच्या रचनेत होते. दक्षिणेकडे हिवतापाने ग्रासलेली अरण्ये आणि त्यांच्यावर खोल दऱ्यांनी चिरलेले डोंगर. देशात मोटारीचा एकही रस्ता नव्हता. सीमेपासून थिंफूला पोचण्यास खेचरांच्या वाटेने पाच-सहा दिवस लागत. याउलट सिक्कीममधून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरणारी वाट लोकरीच्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मळलेली होती.

म्हणून ही मंडळी गंगटोकहून निघाली आणि सुमारे चौदा हजार फूट उंचीची नथु ला ही खिंड ओलांडून चुंबी खोऱ्यात उतरली. ('ला' म्हणजे तिबेटी भाषेत खिंड.) तेथील यातुंग या गावी भारताची व्यापारी कचेरी होती. त्यापुढे घोड्यांवरून डोंगर चढत-उतरत ती पारोला पोचली. पारोचा 'झोंग' हा एकाच वेळी किल्ला, कचेरी आणि मठ आहे. राज्यकारभार आणि बौद्ध भिक्षूंची उपासना एकाच तटाच्या आत चालते.

राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांच्या या देशात नेहरूंनी २३ सप्टेंबर रोजी जाहीर भाषण केले. भूतान स्वतंत्र राहावा आणि त्याने आपला जीवनमार्ग स्वतःच निवडावा, हीच भारताची इच्छा असल्याचे त्यांनी सांगितले. लहान देशाला दोन मोठ्या शेजाऱ्यांची धास्ती वाटावी, अशा काळात या शब्दांना मोल होते.

पुढच्याच वर्षी ल्हासात उठाव झाला आणि तो चिरडला गेला. १९६० मध्ये भूतानने आपली उत्तर सीमा बंद केली. शतकानुशतके तिबेटकडे तोंड करून असलेल्या देशाला दक्षिणेकडे वळावे लागले. भारताच्या साहाय्याने १९६१ मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि फुंतशोलिंगपासून थिंफूपर्यंत मोटारीचा रस्ता झाला.

१९६८ मध्ये इंदिरा गांधी पुन्हा भूतानला गेल्या, त्या पंतप्रधान म्हणून. पित्याबरोबर ज्या वाटेने त्या आल्या होत्या, ती वाट तोवर इतिहासजमा झाली होती.