सॉफ्ट प्रोसेसर अडकला तर आत डोकावायचं कसं?

प्रोग्राम चढवला, एलईडी दोनदा लुकलुकला आणि सगळं ठप्प! एफपीजीए बोर्डवर प्रोजेक्ट करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुला-मुलींना हा अनुभव हमखास येतो. खरी चूक मात्र अनेकदा त्याआधीच झालेली असते.

एफपीजीए ही एक प्रकारे कोरी चिप. तिच्यात सर्किट भरून जो प्रोसेसर तयार होतो, तो सॉफ्ट प्रोसेसर. झायलिंक्सचा (२०२२ पासून ही कंपनी एएमडीकडे आहे) मायक्रोब्लेझ हे त्याचं ओळखीचं उदाहरण. यात डिबगची सोयसुद्धा सर्किटच असते. विवाडोमध्ये ती निवडली नाही, तर नंतर अख्खं डिझाइन पुन्हा बनवावं लागतं.

आम्हीही जागा वाचवायला एकदा डिबग बंद ठेवलं होतं. मग तीन रात्री सिरियल पोर्टवर प्रिंट टाकत बसलो. गंमत म्हणजे प्रिंट टाकला की बिघाड गायब, कारण वेळेचं गणितच बदलायचं! शेवटी डिबग चालू करून डिझाइन पुन्हा बनवलं, वॉचपॉइंट लावला आणि चोर सापडला: सोळा जागांच्या ॲरेत सतरावी किंमत लिहिली जात होती.

बेसिक डिबग आणि एमडीएम हा ब्लॉक घेतला, की जेटॅग केबलवरून प्रोसेसर थांबवता येतो, रजिस्टर वाचता येतात. हार्डवेअर ब्रेकपॉइंट जास्तीत जास्त ८ मिळतात; पत्त्यावरचं वाचणं आणि लिहिणं पकडणारे वॉचपॉइंट प्रत्येकी ४. सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट मेमरीतली सूचना बदलून काम करतो. म्हणून प्रोग्राम फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत असेल, तर हार्डवेअरचाच लागतो.

पण ब्रेकपॉइंटवर प्रोसेसर थांबतो, बाहेरची मोटर थोडीच थांबते? अशा वेळी एक्स्टेंडेड डिबगमधला ट्रेस कामी येतो. प्रोसेसर कुठून कुठे गेला याची नोंद तो चालता चालता ब्लॉक रॅममध्ये ठेवतो. या नोंदीसाठी ८ केबीपासून १२८ केबीपर्यंत जागा देता येते. बेसिस ३ बोर्डवरच्या चिपमध्ये ब्लॉक रॅमच सुमारे २२५ केबी आहे, तेव्हा मोह आवरा. सुरुवातीला ८ पुरे.

काम पूर्ण झालं आणि वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती जाणार असेल, तर मात्र डिबग काढून डिझाइन पुन्हा बनवा. नाहीतर केबल जोडून कुणीही तुमची मेमरी वाचू शकेल.