आरशातून निसटलेली स्कूटर

इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, रिकामा. डावीकडे घेणार तोच मागच्या दाराशी हॉर्न: स्कूटर! ती आतल्या आरशातून सुटली होती, बाहेरच्यात अजून शिरली नव्हती.

बाहेरच्या आरशांत आपण बहुधा आपल्याच गाडीचं अंग न्याहाळत असतो. ते कुठे पळून जाणार आहे? १९९५ साली जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने सोपी युक्ती मांडली. आपल्याकडच्या गाडीत डोकं उजव्या काचेला टेकवा, उजवा आरसा गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर वळवा. डाव्यासाठी दोन सीटांच्या मधोमध झुकून तसंच करा. सरळ बसलात की शेजारची लेन दिसते. तरी मान वळवाच; बहिर्गोल आरशात जवळची स्कूटरही लांब भासते. पहिले दोन दिवस मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.