१६ वाफे, एक बिघडलेला आकडा: निष्कर्ष कसा काढायचा?

पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भातासाठी ओळखलं जातं. ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ आणि ‘पनवेल ३’ हे वाण इथलेच. खाडीकाठच्या अशा जमिनीत बांध फुटला की पीक जातं. तिथे प्रयोग सुरू असेल तर?

समजा, वाण, नत्राची मात्रा, लावणीची पद्धत आणि रोपांचं वय असे चार घटक तपासायचे आहेत आणि प्रत्येकाचे दोन पर्याय आहेत. एकूण १६ जुळण्या होतात. जागा कमी, म्हणून प्रत्येक जुळणीला एकच वाफा. उधाणाचं पाणी त्यातल्या एका वाफ्यात शिरलं आणि उत्पादन ८ किलोंनी घटलं.

वाफा एक, पण बिघडतो अख्खा हिशेब. घटकाचा परिणाम म्हणजे आठ वाफ्यांची सरासरी वजा उरलेल्या आठांची सरासरी. तो वाफा दर वेळी यातल्या एका गटात असतोच. त्यामुळे चार घटक आणि त्यांच्या ११ आंतरक्रिया, असे सगळे १५ परिणाम एकेक किलोने सरकतात, काही वर, काही खाली. शेतकऱ्यांना चुकीच्या वाणाची शिफारस व्हायला एवढं पुरू शकतं.

गंमत म्हणजे चोरही इथेच सापडतो. बहुतेक आंतरक्रिया शून्याच्या आसपास असतात. त्या अधिक एक आणि उणे एकच्या जवळ गोळा झाल्या आणि चिन्हांचा क्रम एकाच वाफ्याशी जुळला, तर संशय त्या वाफ्यावर. कथबर्ट डॅनियल यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या हाफ-नॉर्मल आलेखात शून्याजवळची ही पोकळी डोळ्यांनीच दिसते.

मग आकडा खोडायचा? इतक्यात नाही. त्या जुळणीत पीक खरंच कमी येत असेल तर? ताडून पाहायला दुसरा वाफा नाही. आधी शेतावरची नोंदवही बघायची: बांध, वजन, वाफ्याची पाटी.

कारण सापडलं, तर ड्रेपर आणि स्टोनमन यांची १९६४ ची पद्धत कामी येते. नगण्य वाटणारी एक आंतरक्रिया शून्य धरून गेलेला आकडा उलट काढायचा. अर्थात, ती आंतरक्रिया मग तपासता येत नाही.

कारण सापडलंच नाही, तर बॉक्स आणि मेयर यांचा १९८७ चा मार्ग उरतो. त्यात प्रत्येक निरीक्षण सदोष असण्याची संभाव्यता काढतात आणि ती धरूनच परिणाम मोजतात. कारखान्यात संशयास्पद चाचणी लगेच पुन्हा घेता येते. खरिपाच्या भाताला मात्र पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते.