फोटोची मागची बाजू

दिवाळीत आपल्या फ्रिस्कोतही काही घरांच्या मागच्या अंगणात किल्ला होतो. इथली माती काळी, चिकट, थेट आपल्या देशावरच्यासारखी. बुरूज मस्त उभे राहतात. फक्त मावळा दरवाजापेक्षा उंच आणि महाराज बुरुजापेक्षा! किल्ल्यात ते चालतं. आज ज्या छंदाबद्दल सांगणार आहे, त्यात चालत नाही. युद्धातला गाजलेला फोटो घ्यायचा आणि छोटे सैनिक, छोटं सामान वापरून तोच प्रसंग टेबलावर उभा करायचा. याला डायोरामा म्हणतात.

फोटो कुठला घ्यावा? मी सुचवीन १६ डिसेंबर १९७१, ढाक्याचं रमणा रेसकोर्स. जनरल नियाझी शरणपत्रावर सही करताहेत, शेजारी जनरल जगजितसिंग अरोरा बसलेत, मागे ॲडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, जनरल सगतसिंग, जनरल जेकब. आणि उजवीकडे मायक्रोफोन धरलेले आकाशवाणीचे सुरजित सेन. रेडिओवाल्यांनी त्यांना विसरून कसं चालेल!

आता माप. या छंदात १/३५ हे प्रमाण फार वापरतात. पावणेसहा फुटी माणूस ५ सेंटीमीटरचा होतो. नेहमीचं टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच, म्हणजे तुमचं टेबल २ सेंटीमीटरच्या थोडं वर. फोटोतलं टेबल हीच तुमची फूटपट्टी. पण ती टेबलाइतक्याच अंतरावरच्या वस्तूंना लागू. मागची माणसं लहान दिसतात म्हणून लहान करायची नाहीत. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल, तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सगळ्यांचे डोळे, जवळचे काय नि लांबचे काय, साधारण एकाच आडव्या रेषेत येतात. ती रेषा आधी आखा. कॅमेरा किती उंचीवर होता ते तिच्यावरून कळतं.

खरी पंचाईत पुढेच आहे. फोटोला एकच बाजू असते, डायोरामाला चार. पाठी कशा होत्या, पट्टे कुठे बांधले होते, बूट कोणते? इथे अंदाजाने काम भागवायचा मोह होतो. आपल्या टेक्ससमधलंच उदाहरण सांगतो.

२३ फेब्रुवारी १९४५ ला जो रोझेन्थल यांनी इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या सहा सैनिकांचा फोटो काढला. खांबाच्या बुडाशी वाकलेल्याची फक्त पाठ दिसते. तो हँक हॅन्सन असल्याचं जाहीर झालं. टेक्ससच्या वेस्लाकोमधल्या एका आईने मात्र पाठ पाहूनच सांगितलं, हा माझा हार्लन. हार्लन ब्लॉक १ मार्चला त्याच बेटावर मारला गेला होता. आईचं म्हणणं अधिकृतपणे मान्य व्हायला १९४७ उजाडलं. पुढे २०१६ आणि २०१९ मध्ये आणखी दोन नावं बदलली. २०१६ च्या बदलामागे हौशी अभ्यासकांची चिकाटी होती. त्यांनी त्या दिवशीचे दुसरे फोटो शेजारी ठेवून हेल्मेटखालची टोपी, पट्ट्याला लटकवलेलं सामान, पँटचे पाय असं सगळं ताडून पाहिलं. म्हणजे डायोरामा करणारा जे करतो तेच. या फोटोवरून फेलिक्स डी वेल्डन यांनी केलेल्या आर्लिंग्टनच्या शिल्पाचा प्लास्टरचा पूर्ण आकाराचा मूळ नमुना आपल्याच राज्यात, दक्षिण टोकाला हार्लिंजनमध्ये आहे. ब्लॉकची समाधीही तिथेच आहे. गाडीने लांब पडतं, पण फोटोची मागची बाजू बघायची असेल तर जाच.

म्हणून माझा नियम असा: ज्या बाजूचा पुरावा नाही, ती बाजू दाखवायची नाही. देखावा खोक्यात बसवा आणि समोर एकच खिडकी ठेवा, कॅमेऱ्याच्या जागी. शिकागोचे शेपर्ड पेन यांचे असे खोक्यातले देखावे प्रसिद्ध आहेत. रंगांचंही तसंच. काळ्या-पांढऱ्या फोटोत खाकी आणि ऑलिव्ह हिरवा दोन्ही राखाडीच. रंग त्या काळच्या गणवेशांवरून ठरवायचे, फोटोवरून नाही.

१९७१ चे भारतीय सैनिक तयार मिळणं कठीण. दुसऱ्या महायुद्धाचे प्लास्टिकचे सैनिक घ्या, हात कापून वळवा. पगडीसाठी एपॉक्सी पुटी, म्हणजे आपल्या एम-सीलच्याच जातीची. पातळ पट्ट्या लाटून एकावर एक गुंडाळायच्या. इथल्या हॉबी दुकानात मिळते.

आणि एकदम सगळा घोळका करायला घेऊ नका. सुरजित सेन आधी करा. एकच माणूस, हातात मायक्रोफोन. त्याची तार कुठे जाते हे शोधायला त्या दिवशीची दुसऱ्या कोनातून घेतलेली फिल्म बघावी लागेल. तेवढ्यात एक शनिवार सहज जातो.