जॉर्ज वॉशिंग्टन यांची १७६५ ची रोजनिशी : भांगेच्या पिकाच्या नोंदी आणि त्यांचा अर्थ

प्रस्तावना :
भांगेची स्वतःच्या जमिनीत लागवड करून तिच्या तारीखवार नोंदी ठेवल्याचे सुपरिचित उदाहरण म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांची १७६५ ची रोजनिशी होय. राष्ट्राध्यक्षपद त्यांच्याकडे १७८९ मध्ये आले. १७६५ मध्ये ते व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन येथील जमीनदार होते. या रोजनिशीतील एका नोंदीचा लोकप्रिय लेखनात लावला जाणारा अर्थ पिकाच्या स्वरूपाशी जुळत नाही. प्रस्तुत लेखात त्या नोंदीचे स्पष्टीकरण करण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठी अनुवादांत ‘हेम्प’साठी ‘ताग’ हा शब्द सर्रास योजला जातो. ताग आणि अंबाडी याही धाग्याच्याच वनस्पती. परंतु त्यांचा भांगेच्या कुळाशी संबंध नाही. वॉशिंग्टन यांचे पीक भांगेचेच होते, मात्र ते धाग्यासाठी घेतलेले होते.

नोंदींचे स्वरूप :
मे महिन्याच्या १२ व १३ तारखांस मडी होल या शेतावर दलदलीलगत पेरणी झाल्याची नोंद आहे. ७ ऑगस्ट रोजी नर झाडे मादी झाडांपासून वेगळी करण्यास प्रारंभ झाला आणि या कामास उशीरच झाला, असा शेरा तेथे आढळतो. ८ ऑगस्टला उपटून चांगली वाळविलेली काही झाडे २२ तारखेस सायंकाळी सहाच्या सुमारास पाण्यात घातली व २६ तारखेस बाहेर काढली, असेही नमूद आहे.

नर-मादी वेगळी करण्याच्या उल्लेखावरून वॉशिंग्टन यांना बीजविरहित, म्हणजे अधिक मादक, गांजा हवा होता असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष घाईचा आहे. भांगेत नर व मादी फुले सामान्यतः निरनिराळ्या झाडांवर येतात. नर झाड पराग सांडल्यावर लवकर वाळू लागते. त्याचा धागा मऊ व तलम असतो. उपटण्यास विलंब झाल्यास तो राठ होतो. मादी झाडे मात्र पुढील पेरणीच्या बियांसाठी शेतातच ठेवावी लागतात. बी हवे असणारा शेतकरी परागीभवन टाळील कशाला? उशिराचा शेरा धाग्याच्या प्रतीविषयी आहे. पाण्यात चार दिवस भिजविण्याचा हेतूही तोच, म्हणजे देठ कुजवून साल सुटी करणे. शिवाय १७६४ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींतील या धाग्यावर अनुदान जाहीर केले होते, आणि सप्टेंबर १७६५ मध्ये वॉशिंग्टन यांनी लंडनच्या आपल्या व्यापाऱ्यांकडे पत्राने त्याच्या दराची चौकशी केली होती. तंबाखूला पर्यायी नगदी पीक शोधण्याचा तो काळ होता.

नोंदींची मर्यादा :
पेरले, उपटले, भिजविले अशा क्रियापदांनी ही रोजनिशी भरलेली आहे. या नोंदींत कर्ता मात्र सापडत नाही. शेतावरील हे श्रम गुलाम स्त्री-पुरुषांचे होते. १७९९ मध्ये वॉशिंग्टन यांनी आपल्या जमिनींवरील ३१७ गुलामांची शेतनिहाय यादी तयार केली. तीत मडी होलवरील माणसे नावानिशी आढळतात. १७६५ च्या ऑगस्टमध्ये नर झाड ओळखून उपटणारे हात कोणाचे होते, हे मात्र त्या यादीवरूनही ठरविता येत नाही.